सागरी सहलींची आवड आणि नावड

देशाटनानें मनुष्यास शहाणपण येतें ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु देशाटन करावें कसें, याविषयीं दोन माणसांचें एकमत होणें कठीण. पायीं हिंडणारा आगगाडीनें जाणाऱ्यास हसतो, आणि आगगाडीचा प्रवासी विमानानें उडणाऱ्यास म्हणतो कीं, वाटेंतलें तुम्हीं कांहींच पाहिलें नाहीं. अलीकडे या वादांत 'क्रूझ' या नव्या विषयाची भर पडली आहे. क्रूझ म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजावरच मुक्काम ठेवून, एकामागून एक बंदरें घेत केलेली सागरी सहल. एकाच जहाजानें, एकाच आठवड्यांत, शेजारशेजारच्या खोल्यांतून प्रवास करून आलेले दोन गृहस्थ भेटले, तर एक म्हणतो, "आयुष्यांत एवढी विश्रांति कधीं मिळाली नव्हती," आणि दुसरा म्हणतो, "सात दिवस बाजारांत कोंडून ठेवल्यासारखें झालें." दोघेही खोटें बोलत नसतात. समुद्र तोच, अन्न तेंच, बंदरेंही तींच. मग अनुभवांत एवढें अंतर कां पडावें, याचा थोडा विचार करावा म्हणून आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

हा विषय आतां परदेशस्थांचाच राहिलेला नाहीं. २०२४ सालीं जगांत सुमारें साडेतीन कोटि माणसांनीं अशा सहली केल्या. आपल्याकडेही २०१८ सालच्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' नांवाचें जहाज मुंबई-गोवा सहलीसाठीं निघूं लागलें, आणि २०२१ पासून दुसऱ्या एका कंपनीचें त्याहून पुष्कळ मोठें जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप इत्यादि ठिकाणीं सहली नेऊं लागलें. सिंगापुरास गेलेलें कुटुंब दोन-तीन रात्रींची सागरी सहल उरकून येतें. मुलगा अमेरिकेंत असेल तर तो आईबापांस अलास्का किंवा कॅरिबियन बेटांकडे घेऊन जातो. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें "यंदा सुटींत जहाजानें जावयाचें काय?" हा प्रश्न निघाला कीं घराचे दोन पक्ष पडतात. त्या घरांस उपयोगी पडावें, हाही या लेखाचा एक हेतु आहे.

साधन होतें तेंच साध्य झालें

आगबोटी निघाल्या त्या टपाल, माल व माणसें एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यास पोंचविण्यासाठीं. करमणूक हा त्यांचा उद्देश नव्हता. परंतु केवळ पाहण्यासाठीं म्हणून आगबोटीनें हिंडणारे लोकही फार लवकर निघाले. कलकत्त्यास जन्मलेला इंग्रज कादंबरीकार थॅकरे १८४४ सालीं पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीच्या आगबोटींनीं इंग्लंडाहून जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम व कैरो अशी यात्रा करून आला. युलिसिस राजानें दहा वर्षांत पाहिलीं तितकीं शहरें व तितके लोक दोन महिन्यांत पाहावयास मिळतात, याचें त्यास मोठें अप्रूप वाटलें होतें; परंतु बोट लागण्याचें आणि उतावळेपणानें नगरें न्याहाळण्याचें दुःखही त्यानें लपविलें नाहीं. पुढें १८६७ सालीं मार्क ट्वेन 'क्वेकर सिटी' नांवाच्या आगबोटीनें न्यूयॉर्कहून युरोप व पॅलेस्टाइन पाहण्यास निघाला. ही सहल पांच महिन्यांवर चालली. आपले सहप्रवासी बहुतेक वृद्ध, धर्मशील व उदास आहेत, नाचगाणें नाहीं व हंसणेंही नाहीं, अशी त्याची तक्रार होती; आणि याच सहलीवर लिहिलेल्या पुस्तकानें त्याचें नांव सर्वत्र झालें. यावरून दिसेल कीं, सागरी सहलीची आवड व तिच्याविषयींची कुरकुर हीं दोन्ही भावंडें एकाच वेळीं जन्मास आलीं आहेत.

या सहलींस धंद्याचें रूप दिलें तें हँबर्गच्या आल्बर्ट बालिन यानें. हिंवाळ्यांत अटलांटिक महासागर खवळलेला असे. प्रवासी मिळत नसत, आणि मोठमोठीं जहाजें धक्क्याशीं रिकामीं उभीं राहत. तीं रिकामीं ठेवण्यापेक्षां उन्हाच्या प्रदेशाकडे हौशी लोकांस घेऊन कां पाठवूं नयेत, असें त्याच्या मनांत आलें. आणि १८९१ सालच्या जानेवारींत 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हें जहाज भूमध्य समुद्राच्या सुमारें दोन महिन्यांच्या सफरीस निघालें. खरा पालट मात्र पुढें झाला. १९५८ सालीं अटलांटिकवरून जेट विमानांची नियमित वाहतूक सुरू झाली, आणि पांच-सहा दिवसांची वाट कांहीं तासांवर आली. पलीकडे जावयाचें म्हणून जहाजांत बसणारा मनुष्य दिसेनासा झाला. जहाजांस काम उरलें नाहीं, तेव्हां जहाज हेंच पाहण्याचें ठिकाण करावें, अशी युक्ति निघाली. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील मायामी बंदरांतून या धंद्यानें जोर धरला, आणि १९७७ पासून 'द लव्ह बोट' या दूरदर्शनवरील मालिकेनें घरोघर त्याची जाहिरात केली.

हा फरक नीट ध्यानांत ठेवावा. जुन्या आगबोटीनें मनुष्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जात असे. या सहलींत बहुधा तो जेथून निघतो तेथेंच परत येतो. देवालयाची प्रदक्षिणाही जेथून निघते तेथेंच येऊन संपते, म्हणून कोणी तिला व्यर्थ म्हणत नाहीं. पण प्रदक्षिणेच्या मध्यभागीं देव असतो. सहलीच्या मध्यभागीं काय आहे, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें, आणि आवडीनावडीचा प्रारंभ येथूनच होतो.

आवडणाऱ्यांचें म्हणणें

आधीं ज्यांस ही सहल आवडते त्यांचा पक्ष ऐकूं. त्यांचा पहिला मुद्दा दिसण्यांत क्षुल्लक आहे, पण सर्वांत मोठा तोच. पेटी एकदां उघडावयाची व एकदांच भरावयाची. जमिनीवरील दौऱ्यांत आठ दिवसांत चार शहरें पाहावयाचीं म्हटलें म्हणजे चार हॉटेलें, चार वेळां सामानाची बांधाबांध, पहांटे उठून बस पकडणें, आणि "माझी औषधाची डबी कोणत्या पिशवींत?" हा चार वेळां होणारा शोध. जहाजावर रात्रीं निजावें आणि सकाळीं खिडकीबाहेर नवें शहर उभें असावें. आपण गांवाकडे जाण्याऐवजीं गांव आपल्याकडे येतें.

दुसरा मुद्दा निर्णयांचा. परक्या देशांत जेवावें कोठें, जावें कसें, भाड्याची गाडी फसवील काय, अशा शेंकडों लहान प्रश्नांनीं प्रवासी थकतो. जहाजावर हे प्रश्न कंपनीनें आधींच सोडविलेले असतात. भाडें, मुक्काम, जेवण व करमणूक यांचा मुख्य खर्च निघण्यापूर्वींच कळतो. पेन्शनीवर राहणाऱ्यास ही गोष्ट थोडी नव्हे.

तिसरा मुद्दा आपल्या एकत्र कुटुंबांस विशेष लागू पडतो. सत्तरीचे आजोबा, चाळिशीचा मुलगा, शाळेंत जाणारी नातवंडें, हीं एकाच दौऱ्यावर निघालीं म्हणजे कोणाच्या तरी पायांस किंवा कोणाच्या तरी उत्साहास मुरड घालावी लागते. जहाजावर आजोबा डेकवर खुर्ची टाकून बसतात, मुलें पोहण्याच्या तलावांत असतात, तरुण मंडळी बंदरावर उतरून डोंगर चढून येतात, आणि रात्रीं सर्व एका मेजाभोंवतीं जेवावयास जमतात. दिवसा वेगळें व रात्रीं एकत्र, ही जुन्या वाड्याचीच रीत नव्हे काय? शिवाय चाकाच्या खुर्चीवर बसून हिंडणाऱ्यास मोठ्या जहाजांवर पाळणे व उतरते रस्ते असतात, वैद्य असतो, व जिना चढण्याची सक्ति नसते. ज्यांचा प्रवास गुडघ्यांनीं बंद केला आहे अशा पुष्कळ माणसांस जगाचें दार पुन्हां उघडून देणारी दुसरी सोय क्वचितच सांपडेल.

आणि शेवटीं समुद्र आहेच. जमीन चोहोंकडून दिसेनाशी झाली, वर आकाश व खालीं पाणी यांखेरीज कांहीं उरलें नाहीं, म्हणजे मनांतील गलबला आपोआप बसतो, असें अनेक जण सांगतात. ज्यांस हें सुख कळतें ते जहाजावरील नाचगाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाहींत. पहांटे कठड्याशीं उभें राहणें एवढाच त्यांचा कार्यक्रम असतो.

न आवडणाऱ्यांचें म्हणणें

आतां दुसरा पक्ष. यांची पहिली तक्रार वेळेची. जहाज बहुधा सकाळीं बंदरांत शिरतें आणि सायंकाळीं निघतें. रोमला जावयाचें तर चिव्हिताव्हेक्किया बंदरापासून शहर सुमारें ८० किलोमीटर दूर. म्हणजे हातीं आलेल्या आठ-दहा तासांतील तीन तास वाटेंतच जातात. शहराचा खरा रंग सायंकाळीं दिवे लागल्यावर दिसतो. त्या वेळीं प्रवासी जहाजावर परत येऊन जेवणाच्या रांगेंत उभा असतो. शिवाय कोणी आपल्या आपण हिंडावयास जाऊन उशीर केला, तर जहाज थांबत नाहीं. पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास त्यास स्वतःच्या खर्चानें करावा लागतो. त्यामुळें घड्याळ पाहत पाहत पाहिलेलें शहर, शहर म्हणून मनांत राहत नाहीं, असें या लोकांचें म्हणणें आहे, आणि तें खोडून काढणें कठीण आहे.

दुसरी तक्रार आकाराची व गर्दीची. 'टायटॅनिक' जहाज सुमारें ४६ हजार टनांचें होतें. २०२४ च्या जानेवारींत पहिल्या सफरीस निघालेलें 'आयकॉन ऑफ द सीज' हें सुमारें अडीच लाख टनांचें आहे. म्हणजे पांचपटींहून मोठें. त्याची लांबी ३६५ मीटर. त्यावर वीस डेक आहेत, आणि सर्व जागा भरल्या म्हणजे साडेसात हजारांवर प्रवासी व दोन हजारांवर नोकर मावतात. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाची वस्ती एका इमारतींत घालून ती पाण्यावर सोडावी, तसा हा प्रकार आहे. ज्यास एकांत हवा त्यानें येथें काय करावें? समुद्र पाहण्यास आलेला मनुष्य जहाजाच्या पोटांतील, खिडकी नसलेल्या स्वस्त खोलींत राहतो, आणि बाजारपेठ, नाटकगृह व पाण्याच्या घसरगुंड्या यांच्या गर्दींतून वाट काढीत समुद्र शोधीत फिरतो.

तिसरी तक्रार पैशाची. तिकिटाचा आंकडा लहान दिसतो. पण पेयें, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली, छायाचित्रें, विशेष उपाहारगृहें व नोकरांची बक्षिसी यांचे आंकडे मागाहून वाढत जातात. जहाज भरलेलें ठेवावयाचें आणि भरलेल्या जहाजावरील माणसांकडून वरची कमाई करावयाची, हें या धंद्याचें एक मुख्य सूत्रच आहे. ज्यानें सर्व खर्च आधींच दिला असें समजून हात सैल सोडला, त्यास शेवटच्या दिवसाचें बिल पाहून सहलीचा गोडवा आठवत नाहीं.

चौथी तक्रार शरीराची आहे. आपल्याकडे 'बोट लागणें' म्हणतात तो विकार खोटा नव्हे. कानाच्या आंतल्या भागांत तोल सांभाळणारें इंद्रिय असतें. शरीर हालत आहे असें तें सांगतें आणि समोरची भिंत स्थिर आहे असें डोळे सांगतात. या विसंगतीनें मळमळ सुरू होते. म्हणूनच उघड्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे पाहिल्यानें बरें वाटतें. आजच्या जहाजांस बुडाशीं माशाच्या परांसारखे पंख बसविलेले असतात. त्यांनीं जहाजाचें डोलणें पुष्कळ कमी होतें, तरी तें मुळींच नाहींसें होत नाहीं. आणि शरीराच्या मागें मनांतील भीतिही असते. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे जाणारी 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. तिची आठवण कोंकणपट्टींतील अनेक घरांत अद्याप निघते. सहलीच्या जहाजांसही अपघात चुकलेले नाहींत. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' खडकावर आदळून ३२ माणसें दगावलीं. २०२० च्या फेब्रुवारींत 'डायमंड प्रिन्सेस' हें जहाज जपानच्या योकोहामा बंदरांत रोगामुळें अडकलें, तेव्हां त्यावरील ३,७११ माणसांपैकीं सातशेंहून अधिक जणांस कोविडची बाधा झाली. असे प्रसंग विरळा. पण जहाजांतून मनाला येईल तेव्हां उतरतां येत नाहीं, ही जाणीव कित्येकांस एक क्षणही स्वस्थ बसूं देत नाहीं.

पांचवी तक्रार सूक्ष्म आहे. अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस यानें १९९५ सालीं कॅरिबियन समुद्रांत एक आठवड्याची सहल केली व तिजवर १९९६ सालीं एक दीर्घ निबंध लिहिला. सागरी सहलींवरील टीकेंत तो आजही अग्रगण्य मानतात. त्याचा आशय थोडक्यांत असा कीं, प्रत्येक इच्छा आधींच ओळखून ती पुरवूं असें वचन देणारें जहाज मोठ्या माणसास पुन्हां तान्हें मूल करून टाकतें, आणि असें लाड केलेलें मूल तृप्त न होतां उलट अधिकच हट्टी होतें. पहिल्या दिवशीं आश्चर्य वाटलेली सेवा चवथ्या दिवशीं हक्क वाटूं लागते, आणि पांचव्या दिवशीं तींत उणें दिसूं लागतें. हें निदान बरेंच अचूक आहे, असें आम्हांस वाटतें.

खरा भेद कोठें आहे

दोन्ही पक्षांचे मुद्दे शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट दिसून येते. दोघेही एकाच गोष्टीविषयीं बोलत आहेत. निर्णय करावे लागत नाहींत हेंच पहिल्याचें सुख, आणि निर्णय करूं दिले जात नाहींत हेंच दुसऱ्याचें दुःख. तेव्हां भेद जहाजांत नसून, जहाजावर चढण्यापूर्वीं मनुष्य कोणतें ओझें वाहत होता, त्यांत आहे.

कांहीं लोक वर्षभर दुसऱ्यांनीं आंखून दिलेल्या वेळापत्रकांत जगतात. कचेरींत वरिष्ठ, घरीं शिस्त, वाटेंत लोकलची वेळ. त्यांस सुटी म्हणजे आपल्या मर्जीनें वाट चुकण्याचा अधिकार. अशा मनुष्यास जहाजावरील घंटा, रांगा व छापील कार्यक्रम म्हणजे कचेरीच नव्या वेषांत आल्यासारखी वाटते. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. त्यांचा प्रवास आपण अजून आवडीनें वाचतों तो त्यांत ठरविलेलें कांहींच घडलें नाहीं म्हणूनच. संकटाची इतकी हौस कोणास नसते हें खरें. पण अनपेक्षित गोष्ट घडल्यावांचून प्रवास झाला असें न वाटणारे लोक पुष्कळ आहेत.

उलट दुसरे कित्येक असे आहेत कीं, वर्षभर सर्वांचे निर्णय त्यांच्याच माथीं असतात. आज भाजी कोणती, दूध किती, आजोबांचें पथ्य काय, पाहुणे किती, मुलांचा डबा कोणी भरावा, मोलकरीण आली नाहीं तर पुढें काय? या मनुष्यास वाट चुकण्याची हौस नसते. वाट दुसऱ्या कोणी दाखवावी एवढीच इच्छा असते. आमच्या बहुतेक घरांत हें दुसरें मनुष्य म्हणजे घरांतील गृहिणी होय. घरची मंडळी महाबळेश्वरास बंगला घेऊन राहिली, तर तेथेंही चहाचें आधण तिनेंच ठेवावयाचें. तीर्थयात्रेस गेली तरी शिधा तिच्या पिशवींत. तिच्या दृष्टीनें स्थळ बदलतें, काम बदलत नाहीं. पुढें आलेलें ताट आपण वाढलेलें नाहीं आणि उष्टें ताट आपण उचलावयाचें नाहीं, ही स्थिति सलग सात दिवस तिला दुसऱ्या कोणत्या प्रवासांत लाभते?

म्हणून सागरी सहलीस 'हा कांहीं खरा प्रवास नव्हे' असें म्हणून नाक मुरडणाऱ्या गृहस्थांस आम्ही एक प्रश्न विचारूं इच्छितों. आपली पेटी आजवर कोणी भरली? वाटेंतील दशम्या कोणी केल्या, मुलांचे स्वेटर कोणी आठवणीनें घेतले, आणि परत आल्यावर मळक्या कपड्यांचा ढीग कोणापुढें पडला? ज्याचा प्रत्येक प्रवास दुसऱ्या कोणाच्या कष्टांनीं आधींच सोपा झालेला असतो, त्यास साहसाची गोडी लागणें सोपें आहे. घरांतील ज्या व्यक्तीनें सर्वांस साहस करूं दिलें, तिला निष्काळजीपणाचे चार दिवस हवेसे वाटले तर तिची अभिरुचि हलकी ठरत नाहीं.

दुसऱ्या बाजूनेंही हें तितकेंच खरें. सर्व गृहिणींस जहाज आवडेलच असें समजणें ही एक नवी जबरदस्तीच होईल. एखाद्या सुनेस वर्षभर दहा माणसांत वावरल्यावर पुन्हां त्याच दहा माणसांसह एका जहाजांत आठवडा काढणें म्हणजे शिक्षा वाटेल. अनोळखी गांवांतील एका गल्लींत एकटीनें तासभर फिरणें, हेंच तिचें सुख असेल. तेव्हां गृहीत धरूं नये; विचारावें.

सामुदायिक प्रवास मुळांतच कमी प्रतीचा, हाही समज आम्हांस मान्य नाहीं. पंढरीचा वारकरी आपला मुक्काम आपण निवडीत नाहीं. दिंडी ठरलेली, वाट ठरलेली, विसाव्याचीं ठिकाणेंही परंपरेनें ठरलेलीं. ठरलेल्या वाटेनें जाणाऱ्याचें मन ठरलेलें राहत नाहीं, याची साक्ष हजारों वारकरी देतील. फरक इतकाच कीं, वारकऱ्याचे पाय चालतात, आणि पायांबरोबर मनही चालतें. जहाजावर शरीरास विसांवा मिळतो. मनास कोठें न्यावयाचें हें मात्र प्रवाशानेंच पाहावयाचें असतें.

ज्यांस कोणी विचारीत नाहीं

आवडनिवड ही तिकीट काढणाऱ्यांची गोष्ट झाली. या सहलींचा भार दुसऱ्याही कांहीं लोकांवर पडतो, आणि त्यांचें मत कोणी घेत नाहीं. व्हेनिस नगराच्या अरुंद जलमार्गांतून घरांहून उंच जहाजें जाऊं लागलीं, तेव्हां तेथील रहिवाशांनीं वर्षानुवर्षें तक्रार केली. २०१९ च्या जूनमध्यें एक जहाज धक्क्यावर व तेथें उभ्या असलेल्या एका लहान बोटीवर आदळलें. आणि १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरील जहाजांस सान मार्कोसमोरील त्या जलमार्गांत बंदी झाली. अलास्कांतील जुनो या सुमारें ३२ हजार वस्तीच्या शहरीं एका वर्षांत सोळा लाखांहून अधिक प्रवासी जहाजांनीं येऊं लागले. तेव्हां तेथील नगरसंस्थेनें दिवसास पांच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली, ती २०२४ पासून अंमलांत आली. याच गांवानें २००१ सालीं धक्क्याशीं उभ्या जहाजास किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय केली होती, कारण एरव्हीं जहाजाचीं इंजिनें बंदरांतही धूर सोडीतच राहतात. प्रवासी जेवतो, निजतो व बराचसा पैसाही खर्चितो जहाजावर, आणि गर्दी व धूर मात्र गांवाच्या वांट्यास येतो, असें बंदरांतील लोकांचें गाऱ्हाणें असतें. त्याच बंदरांतील दुकानदार, मार्गदर्शक व गाडीवाले यांचें पोट या जहाजांवर चालतें, हेंही विसरतां येत नाहीं.

तशीच गोष्ट जहाजावर काम करणाऱ्यांची. ताट मांडणारे, चादरी बदलणारे, भांडीं घांसणारे हे लोक बहुधा फिलिपाइन्स, इंडोनेशिया व भारत या देशांतील असतात. गोव्यांतील कित्येक घरांत आगबोटीवरील नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुटी बहुधा नाहीं, आणि घरच्या माणसांची भेट करार संपल्यावर. गांवाकडचें घर त्या पगारावर उभें राहतें, हें खरें. म्हणून त्या नोकरीस नांव ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु आपल्या घरच्या गृहिणीचें काम जहाजावर चढतांच नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्या कोणाच्या हातांत जातें, एवढें प्रवाशानें जाणावें. त्या हातांचें नांव विचारावें, आभार मानावे, आणि बक्षिसींत काटकसर करूं नये.

चार व्यवहाराच्या गोष्टी

ज्या घरीं असा बेत चालला असेल त्यांनीं पहिल्याच वेळीं दहा दिवसांची सफर घेऊं नये. दोन-तीन रात्रींची सहल करून पाहावी. आपला पिंड कोणत्या पक्षाचा आहे तें तेवढ्यांत कळतें. जहाज लाटांवर डोलतें तेव्हां त्याचीं टोकें सर्वांत अधिक वरखालीं होतात व मध्यभाग सर्वांत कमी. म्हणून ज्यास बोट लागते त्यानें मधली व खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी, आणि वैद्यास विचारून औषध निघण्यापूर्वींच जवळ ठेवावें. पावसाळ्यांत अरबी समुद्र खवळलेला असतो हें सांगणें नकोच. कोणत्या बंदरांत जहाज किती तास थांबतें आणि सबंध दिवस समुद्रांतच जाणारे दिवस किती, हा हिशेब छापील पत्रकांत असतो; तो तिकिटाच्या आंकड्याइतकाच बारकाईनें वाचावा. शहरें पाहावयाचीं असतील तर लहान जहाज व लांब मुक्काम पाहावा. विश्रांति हवी असेल तर बंदरें थोडीं असलेलीं बरीं. शाकाहाराची, पथ्याची व उपवासाची सोय आधीं लेखी विचारून घ्यावी. वृद्ध माणूस बरोबर असेल तर आजारपणाचा विमा अवश्य काढावा, कारण जहाजावरील वैद्याची फी मोठी असते.

एके काळीं द्विजांनीं समुद्रयात्रा करणें हें कलिवर्ज्यांत मोडे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समुद्र ओलांडणें म्हणजे जातीबाहेर पडण्याची तयारी ठेवणें असा अर्थ होता. त्याच घरांतून आज आजीबाई नातवंडांसह जहाजावर चढतात आणि प्रश्न उरतो तो केवळ आवडीनावडीचा, हें कालाचें मोठेंच देणें आहे. तें देणें घरांतील सर्वांच्या वांट्यास सारखें यावें, एवढीच आमची सूचना आहे. यंदाच्या सुटीचा बेत ठरवितांना, जहाज कीं डोंगर कीं घरींच, याचें उत्तर कर्त्या पुरुषानें प्रथम देऊं नये. ज्या व्यक्तीनें गेल्या वेळीं सर्वांच्या पेट्या भरल्या, तिला आधीं विचारावें, आणि ती जें सांगेल तें एकदां तरी तसेंच करावें.